सहा डबे आणि सासूबाईंच्या पायाच्या मुंग्या

“ताई, मी कोथरूडला राहते, वय ४३. घरात चौघं, मी, मिस्टर, मुलगी आणि सासूबाई. सगळे शाकाहारी, अंडंही नाही. मिस्टर हिंजवडीला आयटीत आहेत, कोविडमध्ये त्यांनी गोळ्या सुरू केल्या त्या थांबल्याच नाहीत. मल्टिव्हिटॅमिन, व्हिटॅमिन सी, झिंक, व्हिटॅमिन ई, ओमेगा आणि दर रविवारी डी ची पावडर, ती दीड वर्षं चालू आहे. मुलगी अकरावीत आहे, केस गळतात म्हणून तिने ऑनलाइन बायोटिनच्या गमीज मागवल्या. मी सकाळी थायरॉइडची गोळी घेते आणि विसरायला नको म्हणून त्याच घोटाबरोबर कॅल्शियमचीही. सगळं मिळून महिन्याला चार हजाराच्या वर जातात. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी कुठे होतं हे, त्या शुगरच्या गोळीशिवाय काही घेत नाहीत. हल्ली त्यांच्या पायाला मुंग्या येतात, पाय बधिर वाटतात तेवढंच, पण ते शुगरचंच असणार. तर एवढं सगळं खरंच लागतं का, की नीट जेवलं की पुरतं? यावरून घरात रोज वाद होतो.”

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा सासूबाईंच्या मुंग्यांपाशी येऊन थांबले. तुम्ही ते अगदी जाता जाता लिहिलंय, “तेवढंच” म्हणून, पण मला तुमच्या घरात सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटतेय. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, १९ वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे, त्यामुळे कुणाला काय झालंय ते मी सांगणार नाही, पण कोण काय घेतं आणि कसं घेतं हे रोज डोळ्यासमोर असतं. आणि तुमच्याकडे मला असं दिसतंय की ज्यांना गोळीची खरी गरज असू शकते त्या एकट्याच काही घेत नाहीयेत आणि ज्यांना बहुतेक गरज नाही ते डब्यावर डबे संपवतायत.

आज हे वाचून झालं की सासूबाईंच्या शुगरच्या गोळीची स्ट्रिप उलटी करा आणि मागचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. मेटफॉर्मिन लिहिलेलं असेल, एकटं किंवा दुसऱ्या औषधासोबत, आणि बहुतेक असेलच, तर ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर आतड्यात बी १२ कमी शोषलं जातं हे आता पक्कं माहिती आहे. ब्रिटनच्या औषध नियामकाने तर २०२२ मध्ये डॉक्टरांना मुद्दाम कळवलं की मेटफॉर्मिनवरच्या पेशंटला अशी लक्षणं दिसली तर बी १२ तपासा. त्यात त्या शाकाहारी. बी १२ हे झाडपाल्यात नसतंच, ते जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत येतं ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यातून. एक पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं आणि रोजची गरज दोनच्या थोडी वर आहे, म्हणजे रोज दोन पेले दूध किंवा तेवढं दही पोटात जायला हवं, आणि चहात पडणारं दूध यात धरू नका कारण ते दोन-चार चमचेच असतं. वय वाढलं की पोटातलं ॲसिड कमी होतं आणि जेवणातलं बी १२ सुटं व्हायला ते ॲसिड लागतं, शिवाय कुणी वर्षानुवर्षं सकाळी ॲसिडिटीची गोळी घेत असेल तर आणखीनच. तीन कारणं एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतात बघा.

आणि मुंग्या शुगरनेही येतात, बी १२ कमी असलं तरी येतात, दोन्ही एकदम असलं तर दोन्हींनी येतात. म्हणूनच “शुगरचंच असणार” म्हणून सोडून देऊ नका असं कळवळून सांगतेय. बी १२ ची कमतरता लांबत गेली की नसांचं जे नुकसान होतं ते सगळंच्या सगळं भरून येतंच असं नाही, आणि लक्षणं कशी असतात तर विसरायला होणं, चालताना तोल जाणं, जीभ लालबुंद होऊन झोंबणं, थकवा, आणि घरचे सगळं वयावर ढकलतात. त्या म्हणतायत ना आमच्या वेळी कुठे होतं हे, त्यांना प्रेमाने सांगा की आई, तुमच्या वेळीही कमतरता होती, फक्त मोजत कुणी नव्हतं. आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने ४४१ मध्यमवयीन, एरवी धडधाकट पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ मध्ये ते छापून आलं, त्यात ६७ टक्के जणांचं बी १२ कमी निघालं आणि शहरातल्या मध्यमवर्गीयांमध्ये तर ८१ टक्के. म्हणजे कोथरूड-सदाशिव पेठेतला चांगलं खाऊनपिऊन असलेला माणूस, घरी तूप-दही-ताक सगळं आहे आणि तरी हे.

तेव्हा डॉक्टरांना मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे ते सांगा आणि बी १२ आणि हिमोग्लोबिनची टेस्ट लिहून घ्या. टेस्ट होईपर्यंत घरातली कुठलीही बी कॉम्प्लेक्स त्यांना देऊ नका कारण मग आकडा फुगून येतो आणि खरं काय ते कळत नाही. नुसत्या फॉलिक ॲसिडनेही गोंधळ होतो, रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं बिघडत राहतं. शेजारच्या काकूंनी दिलेली “नसांची गोळी” पण नको, त्यातल्या काहींमध्ये बी ६ भरपूर असतं आणि ते जास्त प्रमाणात खूप महिने घेतलं तर त्यानेच हातापायाला बधिरपणा येतो. आणि हो, मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करायची नाही हां, ती चांगली गोळी आहे. बी १२ कमी निघालंच तर त्यावरचा इलाज स्वस्त आहे, गोळी किंवा इंजेक्शन, आणि ते बहुतेक कायम घ्यावं लागेल, त्यात वाईट काही नाही. तुमचा प्रश्न होता ना की नीट जेवलं की पुरतं का, तर सासूबाईंच्या बाबतीत कदाचित नाही पुरणार, कितीही सात्त्विक जेवल्या तरी.

आता तुमचं स्वतःचं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एका घोटाबरोबर घेऊ नका! कॅल्शियम त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, ती नीट शोषली जात नाही, मग टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडतंय का ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेला येतो, मग डोस वाढतो, आणि बिचाऱ्या गोळीचा काही दोष नसतो. माझ्याकडे अशी कितीतरी बायकांची चिठ्ठी येते, ५० ची ७५ झाली, ७५ ची १०० झाली, आणि विचारलं की कळतं सकाळी सगळं एकदम घेतात. थायरॉइडची रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर, आणि कॅल्शियम त्यानंतर निदान चार तासांनी, दुपारच्या जेवणाबरोबर घेतलं तर उत्तम. लोहाच्या गोळीलाही हाच चार तासांचा नियम. मात्र वेळ बदलली की गोळी जास्त लागू पडेल, म्हणून डॉक्टरांना हे सांगा आणि साधारण सहा आठवड्यांनी टीएसएच परत करून घ्या. आणि कॅल्शियम कुणी सांगितलंय का तुम्हाला, की चाळिशी आली म्हणून आपलं आपण सुरू केलंय? रोजची गरज १००० मिलिग्रॅम धरतात आणि त्यातलं बरंचसं जेवणातून येऊ शकतं, दोन पेले दूध-दही, एखादी नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, राजगिरा असं रोजचं असेल तर गोळीतून भरायला फार कमी उरतं.

मिस्टरांकडे येते. त्यांच्यावर रागावू नका, ते घाबरलेले होते, २०२० आणि २१ मध्ये आपण सगळेच होतो, मी स्वतः काउंटरवर झिंक आणि सी च्या गोळ्यांसाठी लागलेली रांग बघितलीय, लोक दहा-दहा स्ट्रिप मागायचे आणि त्यांच्या डोळ्यात जे दिसायचं ते मी विसरणार नाही. पण ती भीती गेली आणि गोळ्या राहिल्या. व्हिटॅमिनचं कसंय, ती सापडलीच मुळी कमतरतेतून. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेले १२ खलाशी घेतले, दोघादोघांना वेगवेगळं काहीतरी दिलं, आणि ज्या दोघांना संत्री-लिंबं मिळाली ते आठवड्याभरात उठून उभे राहिले. ज्याच्या अंगात नाही त्याला दिलं की जादू होते, आणि ती जादू बघूनच आपल्याला वाटायला लागलं की ज्याच्या अंगात आहे त्याला आणखी दिलं तर तो आणखी ठणठणीत होईल, आणि तसं होत नाही. अमेरिकेत ३ लाख ९० हजार निरोगी माणसांचा वीस वर्षांहून जास्त काळाचा हिशोब २०२४ मध्ये छापून आला, रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले असं काही दिसलं नाही. मल्टिव्हिटॅमिनने सहसा नुकसानही होत नाही, लघवी पिवळीधम्मक होते ती त्यातल्या बी २ मुळे, म्हणजे पैसे कुठे जातायत ते रोज सकाळी दिसतंच.

व्हिटॅमिन ई मात्र मी त्यांना आजच थांबवायला सांगेन. ३५ हजारांवर पुरुषांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला, २०११ चा निष्कर्ष आहे, आणि आपल्याकडे मिळणारी ती हिरवट कॅप्सूल बहुतेक ४०० चीच असते, डब्यावर बघा. तसंच सिगरेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या, म्हणजे गाजरात असतं त्या घटकाच्या, गोळ्या घेऊ नयेत, फिनलंडमध्ये २९ हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात साधारण निम्म्यांना ती दिली होती कॅन्सर टळेल या आशेने आणि त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाऊन असं होत नाही, गोळीचं वेगळं आहे. झिंक महिनोन् महिने जास्त घेतलं की शरीरातलं तांबं कमी होतं, सी रोज हजार मिलिग्रॅम घेणाऱ्या पुरुषांमध्ये मुतखडा जास्त दिसतो, आणि एका पेरूत दिवसभराच्या सी ची सोय होते, मंडईत आत्ता ढिगाने आहेत. ओमेगाची कॅप्सूल बहुतेक माशाच्या तेलाची असते, तुम्ही शाकाहारी आहात म्हणून सांगतेय, डब्यावर हिरवा ठिपका आहे का बघून घ्या.

पण माझा जीव सगळ्यात जास्त अडकलाय त्या रविवारच्या पावडरीत. तिच्यात ६०,००० युनिट असतात, मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० धरतात, म्हणजे एका पाकिटात शंभर दिवसांचं! डॉक्टर ती आठवड्याला एक अशी साधारण आठ आठवडे देतात, साठा भरून काढायला, आणि मग थांबवतात किंवा महिन्याला एक करतात. दीड वर्षं दर रविवारी म्हणजे रोजचे साडेआठ हजार पडतात आणि स्वतःच्या मनाने रोज ४,००० च्या वर जाऊ नये असं सगळीकडे सांगतात. डी हे चरबीत साठणारं आहे, सी सारखं लघवीतून निघून जात नाही. आमच्याकडे एक काका यायचे, रिटायर्ड, अतिशय टापटीप, चिठ्ठीची घडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचे. त्यांना आठ पाकिटं लिहून दिलेली, आठवड्याला एक. मी दिली, पाकिटावर पेनने “रविवार” लिहूनही दिलं. नंतर ते आलेच नाहीत, तीनेक महिन्यांनी त्यांची मुलगी आली तेव्हा कळलं की काका ॲडमिट आहेत. पाठ दुखायची थांबली म्हणून त्यांनी ती पावडर रोज दुधातून सुरू केली होती, आणि मी विचारीन म्हणून वेगवेगळ्या दुकानांतून घेत होते. भूक गेली, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, मग एके दिवशी घरातल्या माणसांची नावं चुकायला लागले. रक्तातलं कॅल्शियम खूप वाढलं होतं आणि किडनीवर ताण आला होता. बरे झाले, पण कित्येक दिवस सलाइनवर होते. तेव्हापासून मी ते पाकीट देताना नुसतं पेनने लिहीत नाही, समोरच्याकडून वदवून घेते. मिस्टरांचं लगेच असं होईल असं नाही म्हणत मी, पण ह्या रविवारी पावडर नको, आधी डी आणि कॅल्शियम दोन्ही तपासून घ्या.

डी कमी असण्याची तक्रार मात्र खरी आहे, आणि ती उन्हाच्या देशात आहे. सकाळी साडेसातला कंपनीची बस, दिवसभर काचेच्या इमारतीत, अंगात डी तयार करणारे उन्हातले किरण काचेतून आत येत नाहीत, आणि घरी येईतो अंधार. मुली-बायका स्कूटीवर डोक्यापासून बोटापर्यंत स्कार्फ, सनकोट, हातमोजे. आणि आपला सगळ्यांचा भरवसा कोवळ्या उन्हावर, टेकडीवर सकाळी सहाला जाऊन आलो की झालं डी, पण सूर्य खाली असताना ते किरण आपल्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. आपली सावली आपल्यापेक्षा छोटी पडते ती वेळ लागते, साधारण अकरा ते दोन, हात-पाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं, सावळ्या रंगाला जरा जास्तच. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या बाहेर चक्कर मारायला सांगा त्यांना, टेकडी आहेच, ती हृदयासाठी.

मुलीच्या केसांचं मी मनावर घेतलंय, सोळा-सतराच्या वयात ते किती लागतं मनाला. पण बायोटिनची कमतरता फार क्वचित असते आणि त्या गमीज म्हणजे बरीचशी साखर. तिचं हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड बघा, पाळीत रक्त किती जातं ते विचारा, डाएट चालू आहे का तेही विचारा, ओरडून नाही. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका-मुली ॲनिमिक निघाल्या, तेव्हा लोह कमी असण्याची शक्यता बरीच आहे. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस गमीज बंद, कारण बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. लोह कमी निघालं तर गोळी घ्यावीच लागते, नुसत्या बीट-खजुराने ते भरून येत नाही, ती लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि दूध-चहापासून लांब. तुमच्या घरीही सकाळी पोहे आणि बरोबर चहा असणारच ना, पोह्यांवर लिंबू पिळता ते फार चांगलं करता, त्याने पोह्यातलं लोह अंगी लागतं, पण पाठोपाठ चहा घेतला की तो बराचसा फायदा घालवतो. चहा तासाभराने घ्या, एवढाच बदल, खर्च शून्य.

घरात कुणी आई होण्याचा विचार करत असेल तर तिच्यासाठी एक गोळी मात्र आधीपासून हवीच, फॉलिक ॲसिड, कारण बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते आणि तेव्हा कित्येकींना दिवस गेलेत हे माहितीही नसतं. आणि नुसत्या आईच्या दुधावरच्या बाळाला डी चे थेंब डॉक्टर देतात ते फॅड म्हणून थांबवू नका.

डबे फेकून देऊ नका लगेच, आधी सगळे टेबलावर मांडा आणि मिस्टरांसोबत बसून मागचं वाचा. बऱ्याच डब्यांवर “औषधी उपयोगासाठी नाही” अशा अर्थाची ओळ दिसेल, त्यातली गोळी खाद्यपदार्थाच्या नियमाखाली विकली जाते, औषध म्हणून नाही. मग एका कागदावर लिहा की मल्टिव्हिटॅमिनमध्ये डी किती, पावडरीत किती, तुमच्या कॅल्शियमच्या गोळीत डी किती, कारण त्यातही असतं, झिंक कुठे कुठे आहे, आणि बेरीज करा. वाद घालण्यापेक्षा हे बरं, आयटीतला माणूस आहे, आकडे बघून ऐकेल. तोच कागद डॉक्टरकडे न्या, सासूबाईंच्या चिठ्ठीसोबत, म्हणजे चौघांचं एकाच खेपेत होईल.

सासूबाईंची टेस्ट मात्र ह्याच आठवड्यात करा, बाकीचं पुढे-मागे झालं तरी चालेल. आणि तोवर त्यांना घरात पण चपला घालायला लावा, रात्री झोपताना तळपाय उजेडात बघा, बधिर पायाला काही लागलं तर त्यांना कळणार नाही. रिपोर्ट आला की मला कळवा, मी वाट बघतेय.